बटणात खोचलेली पट्टी आणि माझी सही

जुना_सेफ्टीवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय.

३४ वर्षं नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या कारखान्यांत काढली. आधी २० वर्षं टूलरूम, मग सेफ्टी. गेल्या दिवाळीत निवृत्त झालो. परवा घर आवरताना टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक रबराची पट्टी सापडली. दोन इंच लांब, बोटाएवढी रुंद. बायको फेकायलाच निघाली होती.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. प्रेस शॉपमध्ये ६३ टनी प्रेस होता, म्हणजे पत्रा साच्यात दाबून नग काढणारं यंत्र. आधी त्याला पायाचं पेडल होतं. एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट यायचं होतं म्हणून घाईघाईने पेडल काढलं आणि दोन हातांची दोन बटणं बसवली. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय स्ट्रोक पडणार नाही, म्हणजे बोटं डायमध्ये (साच्यात) असूच शकत नाहीत, असा हिशोब. टार्गेट मात्र पेडलच्या काळातलंच राहिलं. शिफ्टला २२०० नग.

आता दुसरा हिशोब करा. पेडल असताना एक हात जॉब ठेवायचा आणि दुसरा काढायचा. बटणं आल्यावर दोन्ही हात रिकामे करून बटणांपर्यंत न्यायचे, दाबायचे, परत आणायचे. नगामागे दीड सेकंद जास्त धरा. २२०० नगांचे होतात ५५ मिनिटं. ही ५५ मिनिटं शिफ्टमध्ये कुठून आणायची, हे आमच्यापैकी कोणी ठरवलं नव्हतं. ते ऑपरेटरने ठरवलं. एका बटणात रबराची पट्टी खोचली की ते दाबलेलंच राहतं, मग दुसऱ्या बटणाला एक हात पुरतो.

सेकंड शिफ्टला रात्री साडेदहाच्या सुमारास पेठकडच्या एका पोराची दोन बोटं गेली. ठेकेदाराकडचा कामगार, वय २२. डायमध्ये स्क्रॅप चिकटला होता, तो उजव्या हाताने काढायला गेला आणि डावा हात सवयीने बटणावर पडला.

रिपोर्ट आम्ही तिघांनी मिळून पाऊण तासात लिहिला. कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, सुरक्षा उपकरण जाणूनबुजून निकामी करणे. उपाय: सर्व ऑपरेटरना पुन्हा प्रशिक्षण. खाली माझी सही.

पट्टी मी पुरावा म्हणून काढून घेतली होती. घरी येऊन दिव्याखाली पाहिली तर एक बाजू गुळगुळीत, आणि जिथे अंगठा टेकतो तिथे थोडी खोलगट. रबर एका रात्रीत असं झिजत नाही. म्हणजे ती कित्येक महिने तिथे होती. सुपरवायझर रोज तिच्यासमोरून जायचा. मीही आठवड्यातून दोनदा राउंडला जायचो. ऑडिटच्या दिवशी ती कोणाच्या खिशात जायची देव जाणे.

नुकसानभरपाईच्या कायद्यात तर्जनी मुळापासून गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असं धरतात, अंगठ्याला ३० टक्के. पोराच्या घरी म्हशी होत्या. धार काढायला किती टक्के बोट लागतं हे अनुसूचीत नाही.

इथे कारखान्यांत काम केलेले बरेच जण आहेत. मला विचारायचंय ते इतकंच, की तो निष्काळजीपणा नेमका कोणाचा होता?

---

टोकाचा_कोन

काका, वाईट वाटलं, पण भावनेच्या भरात उलटा निष्कर्ष काढू नका. पट्टी खोचली कोणी? त्याने. धोका माहीत होता? होता. आपल्याकडे माणसाला नियम मोडण्यात मोठेपणा वाटतो, हे आधी मान्य करा.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं होतं, आठवतंय का? आमच्या कॉलेज रोडच्या पंपावर मी एकच हेल्मेट पाच डोक्यांवर फिरताना पाहिलंय. स्वतःचं डोकं वाचवायला फुकट हेल्मेट घालायचं तर तेही नको. इथे कुठलं टार्गेट होतं सांगा?

---

जुना_सेफ्टीवाला

पंपाचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. टार्गेट होतं ना, पेट्रोल मिळवायचं! नियम पंपावर तपासला जायचा म्हणून हेल्मेट पंपापुरतं. आमची बटणं ऑडिटला तपासली जायची म्हणून पट्टी ऑडिटपुरती खिशात. जिथे तपासणी तिथे पालन, हे लोक फार लवकर शिकतात.

पट्टी त्याने खोचली हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही.

---

वायरमन_नाना

सेफ्टीवाले साहेब, राग मानू नका. तुमचा लेख वाचून मला पोरापेक्षा पॅनेलवाल्याचा जास्त राग आला.

एका बटणात पट्टी घालून प्रेस चालतोच कसा? म्हणजे दोन बटणं नुसती सिरीजमध्ये जोडली होती. दोन्ही दाबली की सर्किट पूर्ण, संपला विषय. दोन हातांचं कंट्रोल असं नसतं हो. दोन्ही बटणं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली पाहिजेत. एक जरी दाबलेलं राहिलं तर पुढचा स्ट्रोक मिळत नाही. त्यासाठी वेगळा सेफ्टी रिले येतो. तो असता तर तुमची पट्टी घालून प्रेस जागचा हलला नसता, पोराने दोन मिनिटांत काढून फेकली असती.

मी स्वतः असे पॅनेल भरलेत. पार्टी म्हणते, "नाना, ऑडिट आठ दिवसांवर आलंय, बटणं दिसली पाहिजेत." दिसली पाहिजेत! चालली पाहिजेत असं कोणी म्हणत नाही.

आणि रिले बसवला तरी लोक बहाद्दर असतात. एका ठिकाणी कोपराने एक आणि हाताने दुसरं दाबणारा पाहिलाय. म्हणून तर बटणांमध्ये अंतर ठेवतात आणि वर टोपी बसवतात.

---

जुना_सेफ्टीवाला

नाना, राग कसला. बारा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. रिपोर्टमध्ये सर्किटचा एक शब्द नाही. बटणं होती की नव्हती एवढाच रकाना होता. आम्ही 'होती' लिहिलं.

---

मिसळ_आणि_ताक

धागा गंभीर आहे म्हणून मिसळीचं बोलत नाही. पण एक शंका. आमच्या कंपनीत ४ मार्चला सुरक्षा दिनाला दरवर्षी शपथ होते आणि बाहेरून एक वक्ते येतात. दर वर्षी तीच स्लाइड: ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात. हे खरं आहे का?

---

जुना_सेफ्टीवाला

ती स्लाइड मीही दहा वर्षं दाखवलीय.

आकडा हाइनरिक नावाच्या अमेरिकन माणसाचा. विमा कंपनीत होता, १९३१ साली पुस्तक लिहिलं. ८८ टक्के असुरक्षित कृती, १० टक्के असुरक्षित परिस्थिती, २ टक्के टाळता न येणारे. एका मोठ्या अपघातामागे २९ छोटे आणि ३०० इजा न झालेले, तो त्रिकोणही त्याचाच. आता हे आकडे काढले कशावरून? विम्याच्या दाव्यांच्या फाइली आणि कारखान्यांनी दिलेले रिपोर्ट. ते रिपोर्ट कोणी लिहिले असतील? माझ्यासारख्याच कोणीतरी, पाऊण तासात. 'कारण: निष्काळजीपणा' असं हजारो वेळा लिहायचं, मग ते मोजायचं आणि म्हणायचं की बघा, निष्काळजीपणाच निघाला.

सुरक्षा दिनाची तारीख तरी पक्की आहे. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून.

---

बॉयलरवाला

वीजकेंद्रात ३० वर्षं. कुठलं ते सोडा.

आमच्याकडे परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, पान्याला हात लावायचा नाही असा नियम होता आणि तो बऱ्यापैकी पाळला जायचा. का, तर दुरुस्तीच्या वेळी बंद ब्रेकरला लावायचं कुलूप स्वतःचं होतं. एक माणूस, एक कुलूप, एक चावी, चावी खिशात. पंपावर तिघे काम करतायत तर ब्रेकरला तीन कुलपं. तिसऱ्याने काढल्याशिवाय खुद्द चीफ इंजिनिअर आला तरी ब्रेकर लागत नाही. यात कोणाला कोणावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही.

घोळ व्हायचा तो शिफ्ट बदलताना. जाणाऱ्याला बस पकडायची, येणाऱ्याला चहा प्यायचा. रजिस्टरमध्ये 'ऑल नॉर्मल' लिहायची इतकी सवय की एकदा एका गड्याने फीड पंप उघडलेला असताना 'ऑल नॉर्मल' लिहून सही ठोकली. येणाऱ्याचं नशीब चांगलं, कुलूप होतं.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नेमकं हेच झालं. ६ जुलै १९८८. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, जागेवर नुसती झाकणी बसवलेली. त्याचं परमिट वेगळं आणि पंपाच्या देखभालीचं परमिट वेगळं. रात्रपाळीला दुसरा पंप बंद पडला, तर त्यांच्या हाती पंपाचंच परमिट आलं. व्हॉल्व्ह काढलाय हे कळलंच नाही. पंप चालू केला, वायू सुटला, स्फोट. १६७ माणसं गेली. प्रत्येकाने आपापला कागद भरला होता, पण दोन कागदांची एकमेकांशी गाठ पडली नाही.

---

निफाडचा_बागायतदार

आम्ही कारखानदार नाही, शेतकरी. पण वाचता वाचता आमचीच गोष्ट आहे असं वाटलं.

द्राक्षाची गोडी छाटणी झाली की काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात. त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं, जहाल औषध. कातडी भाजते, नखं काळी पडतात. दुकानदार डब्याबरोबर हातमोजे देतो. मी दर वर्षी मोजे आणतो आणि दर वर्षी मजूर ते बांधावर काढून ठेवतात.

मी भांडायचो. एका वर्षी आमच्याकडच्या मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्हीच घाला बरं मोजे आन् एक ओळ लावून दाखवा." घातले. जाड रबरात डोळा बोटाला लागतच नाही. काडीवर औषध कुठे पडतंय ते कळेना, निम्मं खाली मातीत. आणि काम उक्तं, एकरावर पैसे. मोजे घालून लावलं तर दिवसाला निम्मी बाग होत नाही.

मग मी पातळ मोजे आणले, डॉक्टर वापरतात तसले. फाटतात, दिवसाला दोन-तीन जोड्या लागतात, पण डोळा लागतो. आता बायका स्वतःहून मागून घेतात. खर्च वाढला, पण दवाखान्याची एक फेरी त्याहून महाग पडते.

अजून एक सांगून ठेवतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. हे औषध लावलं त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू अजिबात घ्यायची नाही. अंगात औषध गेलेलं असताना दारू पडली की तोंड लालबुंद, छातीत धडधड, चक्कर, माणूस थेट दवाखान्यात. डब्यावर हे बारीक अक्षरात असतं. आम्ही आता पहिल्या दिवशी सकाळीच गड्यांना समोर बसवून सांगतो.

---

टोकाचा_कोन

हे पटलं. मोजे बदलले, माणसं तीच राहिली. माझा पहिला प्रतिसाद थोडा मवाळ करून वाचावा.

---

सिन्नरची_केमिस्ट

मी सिन्नरकडच्या एका केमिकल प्लांटमध्ये होते, आता नाही. गेटवर मोठा फलक होता: 'अपघातविरहित दिवस: ४१२'. रोज सकाळी वॉचमन आकडा बदलायचा. ५०० ला सगळ्यांना स्टीलचा डबा मिळणार होता.

४१३ व्या दिवशी एका हेल्परच्या मनगटावर ॲसिड उडालं. फलकाचं काय करायचं यावर मीटिंग झाली, खरंच झाली, मी होते त्या खोलीत. हेल्परला 'आजारी रजा' दिली. फलक ४१४ वर गेला. डबे वाटले गेले. माझा अजून घरी आहे, त्यात मी पोहे ठेवते आणि उघडताना प्रत्येक वेळी ते मनगट आठवतं.

निअर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात कळवायची पेटीसुद्धा होती, कुलूप लावलेली. चिठ्ठी टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून "तू तिथे काय करत होतास?" असं विचारायचे. तीन महिन्यांत पेटीत चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या आणि मॅनेजमेंटने निष्कर्ष काढला की प्लांट सुधारला.

२३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट झाला, १५ जण गेले. तिथे पाय घसरणं, बोट कापणं असल्या इजांचे आकडे चांगले होते आणि त्यावर सगळे खूश होते. टॉवरमध्ये द्रव किती चढलाय हे दाखवणारं यंत्र मात्र चुकीचं वाचत होतं. घसरून पडण्याचे आकडे टॉवरबद्दल काहीच सांगत नाहीत.

आणि भोपाळ तर आपलंच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री टाकीचं शीतकरण बंद, वायू धुऊन काढणारा स्क्रबर तयार अवस्थेत नाही, फ्लेअर टॉवरची पाइप दुरुस्तीसाठी सोडवलेली. यातलं एकही एका रात्रीत झालेलं नव्हतं. रोज कोणीतरी तिथून जात होतं, तुमच्या पट्टीसमोरून जायचे तसंच. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात बदल झाला, तेव्हा धोका दिसला तर तो कळवायचा हक्क कामगाराला मिळाला. केबिनमध्ये बोलावणाऱ्यांनी ते कलम वाचलेलं नसावं.

---

घाटातला

फार मोठं लिहीत नाही. रेल्वेत आहे, इगतपुरी-कसारा घाटात बरीच वर्षं गेली. आम्ही दोघे केबिनमध्ये प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतो. मी म्हणतो हिरवा, सोबतचा म्हणतो हिरवा. नवीन पोरांना आधी हसू येतं. जपानमध्ये तर बोट दाखवून पुकारतात आणि तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेने चाचणी घेतली तेव्हा चुका सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. हे टिकलं कारण यात वेळ जात नाही आणि कोणाचं काम अडत नाही.

---

पेठ_रोड

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या. मोबाइलवर टाइप करतोय.

मी प्रेसवर सात वर्षं होतो. साहेब म्हणतात त्या कंपनीत नाही, दुसऱ्या. आता रिक्षा चालवतो. माझी बोटं शाबूत आहेत, पण पट्टी मीही घालायचो. आमच्याकडे रबर नव्हतं, पुठ्ठ्याची घडी करून खोचायचो.

सगळे इथे टार्गेट टार्गेट म्हणतायत. टार्गेट होतंच. पण खरं सांगू का साहेब, पट्टी मी टार्गेटसाठी नाही घातली. माझा खांदा दुखायचा. बटणं उंचावर होती. माझी उंची पाच फूट दोन इंच. एका शिफ्टला दोन्ही हात दोन हजार वेळा छातीच्या वर न्यायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर उजवा हात वर जायचाच नाही. रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. मग उजव्या बटणात पुठ्ठा घालायचो आणि हाताला आराम द्यायचो. तासाभराने काढायचो, कधी विसरायचो.

धोका माहीत होता. माझ्या शेजारच्या प्रेसवरच्याचं बोट गेलं तेव्हा ते पिशवीत घालून मीच दवाखान्यात नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच प्रेसवर उभा होतो आणि दुपारनंतर पुठ्ठा घातला.

प्रशिक्षण झालं, व्हिडिओ दाखवला. खांदा दुखतो का, असं कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. ठेकेदार म्हणाला असता, दुखतोय तर उद्यापासून येऊ नको.

---

जुना_सेफ्टीवाला

दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी बारा वर्षं ५५ मिनिटांचा हिशोब डोक्यात घेऊन फिरतोय. शहाणपणाने इथेही मांडला. खांद्याचं माझ्या स्वप्नातही आलं नाही. आमचा पोरगाही ठेंगणाच होता. त्याला ईएसआयच्या दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "का घातलीस रे पट्टी?" तो म्हणाला, "चुकलं सर." मी तेवढ्यावर समाधान मानून उठलो.

---

वायरमन_नाना

पेठ रोडवाले, पायाखाली काहीतरी घ्यायचं की राव. पॅलेटची फळी, पाट, काहीही. चार इंच वर आलात की बटणं हाताशी.

---

पेठ_रोड

घेतली होती नाना. पॅलेट तोडून फळी केली होती, खाली दोन पट्ट्या मारून. महिनाभर फार आराम होता. पुठ्ठा लागलाच नाही.

मग फाइव्ह-एसचं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी आहे का ते बघणारं ऑडिट आलं. विनानंबरची वस्तू म्हणून लाल टॅग लावून उचलून नेली.

---

जुना_सेफ्टीवाला

लाल टॅग आमच्याकडे मीच लावायचो.

तो प्रेस अजून चालू आहे, माझ्या हाताखालचा पोरगा आता तिथे सेफ्टी बघतो. त्याला आत्ता फोन केला, उद्या सेकंड शिफ्टला येतो म्हणून सांगितलं. नाना, सर्किट बघायला तुम्हीही येता का? अंबडला गरवारे पॉइंटला दुपारी तीनला भेटू. मी मोजायची टेप घेऊन येतो.

---

वायरमन_नाना

येतो. टेस्टर माझा.